कापूस निघाल्यावर बघू

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळच्या गॅरेजात अर्धा तास बसलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. मिस्त्री गाडीची चेन बोटानं खालीवर करून दाखवतो. "भाऊ, चेन-सेट बदलवा लागते आता. मांगचं टायरबी गेलं." गाडीवाला क्षणभर गप्प राहतो, मग म्हणतो, "सध्या टाइट करून दे. कापूस निंघू दे, मंग पाहू."

मोटारसायकलची मोठी देखभाल कधी करायची, कुठं करायची, कोणतं काम आधी घ्यायचं आणि पैसा कुठून आणायचा, हा सगळा प्रश्न त्या दोन वाक्यांत आहे. कंपन्यांची त्यावर एक भूमिका आहे, मिस्त्रींची दुसरी, गाडीवाल्यांची तिसरी. गेल्या पाच-सहा वर्षांत फ्युएल इंजेक्शन आलं, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं, जीएसटीचे दर बदलले आणि वादाचे मुद्देही सरकले. तो वाद आज कुठं येऊन थांबला आहे, ते इथं मांडतो.

गाडी घरची कशी झाली

सोळा तालुके आणि १३,५८२ चौरस किलोमीटर एवढा पसारा असलेल्या या जिल्ह्यात अंतरं मोठी आहेत आणि सार्वजनिक वाहनं तोकडी. मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळला येणारी नॅरोगेजवरची शकुंतला रेल्वे बंद पडली. वर्धा-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हा पुढचं काम बाकी होतं. राहता राहिली एसटी. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा गावाकडच्या माणसाचा उरलासुरला विश्वासही दुचाकीवर जाऊन बसला. २०११ च्या जनगणनेत देशातल्या २१ टक्के घरांत दुचाकी होती. आज यवतमाळच्या खेड्यात ज्या शेतकऱ्याकडे बैलजोडी नाही, त्याच्याकडेही गाडी असते.

देखभालीच्या सवयी मात्र गाडीच्या प्रकाराप्रमाणे बदलत आल्या. राजदूत आणि लुना टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, अधूनमधून सायलेन्सरचा आणि हेडचा कार्बन खरवडायचा, प्लग घासायचा. हे काम मालकाला डोळ्यांना दिसायचं, त्यामुळे ते टळत नसे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि चित्र पालटलं. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात देशभर गाजली. जाहिरात ॲव्हरेजची होती आणि ॲव्हरेजच्या बाबतीत ती खरीही होती. पण फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली साठून राहतं, काळं पडतं, कमी होतं, आणि मालकाला ते दिसत नाही. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली तोवर 'या गाडीला काही करावं लागत नाही' ही समजूत गावोगाव पक्की झाली होती. माझ्या मते आजच्या वादाचं मूळ या समजुतीत आहे. गाडी इतकी सोशीक निघाली की तिला वेळच्या वेळी काही लागतं, हेच मागं पडलं.

किलोमीटरचं वेळापत्रक, पिकाचं वेळापत्रक

कंपनीची पुस्तिका किलोमीटर मोजते. इतक्या हजारांवर ऑइल, इतक्यांवर प्लग आणि एअर फिल्टर, इतक्यांवर टॅपेट, दर दोन वर्षांनी डिस्क ब्रेकचं फ्लुइड. हा हिशेब महिन्याला पगार येणाऱ्या माणसाला सोयीचा आहे. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा पिकानं ठरतो. मे-जूनमध्ये बी-बियाणं आणि खत, जुलै ते सप्टेंबर निंदण आणि फवारणी, ऑक्टोबरात सोयाबीनचे पहिले पैसे, नोव्हेंबरपासून कापूस. जून ते सप्टेंबर हे चार महिने हातात रोकड नसते.

आणि नेमके तेच चार महिने गाडीला सगळ्यांत वाईट. काळ्या कपाशीच्या जमिनीतला चिखल पांदण रस्त्यावर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसतो, चेनमध्ये शिरतो, ड्रम ब्रेकमध्ये पाणी जातं. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. दोन माणसं आणि दोन गोण्या असा भार शंभर सीसीच्या गाडीवर पेरणीच्या दिवसांत रोज दिसतो. क्लच घसरतो, मागचं टायर दबतं, शॉकअप बसतं. म्हणजे झीज पावसाळ्यात, पैसा दिवाळीनंतर. पुस्तिकेला हे ठाऊक नाही.

जिल्ह्यातही सगळीकडे झीज सारखी नाही. वणी परिसरात कोळशाच्या ट्रकांचे रस्ते आहेत, तिथं एअर फिल्टर लवकर बुजतो. पुसदच्या भोवती डोंगर आहेत, तिथं ब्रेक आणि क्लच आधी संपतात. झरी-जामणीतल्या कोलाम पोडावरून (वस्तीवरून) निघालेल्या माणसाला मिस्त्री गाठायलाच लांबचा पल्ला मारावा लागतो, त्यामुळे त्याच्या गाडीची वायर तुटणंही मोठं संकट ठरतं.

शोरूमवाले, मिस्त्रीवाले आणि थांबणारे

पहिली भूमिका अधिकृत सर्व्हिस सेंटरची. त्यांचं म्हणणं साधं आहे: पुस्तिकेतलं वेळापत्रक इंजिन बनवणाऱ्यानं ठरवलेलं आहे, ते पाळा. ऑइल योग्य दर्जाचं मिळतं, पार्ट ओरिजिनल असतो, वॉरंटी शाबूत राहते, केलेल्या कामाची नोंद राहते आणि गाडी विकताना ती नोंद उपयोगी पडते. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिनाचा दिवा लागला तर दोष वाचायला स्कॅनर लागतो आणि तो त्यांच्याकडे असतो. हे सगळं खरं आहे. अडचण वेगळी आहे. सेंटर तालुक्याला किंवा जिल्ह्याला असतं, गाडी सकाळी द्या आणि संध्याकाळी न्या असा शिरस्ता असतो, आणि रोजंदारीवर जाणाऱ्याचा तो दिवस बुडतो. बिलात मजुरी वेगळी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय तिथं बिघडलेला भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा बदलण्याकडे कल असतो.

दुसरी भूमिका ओळखीच्या मिस्त्रीची. तो गाडीला तिच्या आवाजावरून ओळखतो. भाग उघडून, घासून, पॅकिंग बदलून चालता करतो. गरजेला रात्रीही शटर उघडतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो थांबतो: त्याच्या वहीत नाव आणि आकडा लिहिला जातो आणि कापूस विकल्यावर हिशेब चुकता होतो. या उधारीवर व्याज नसतं. जिल्ह्यातल्या दुचाकींच्या देखभालीला मिळणारा सगळ्यांत मोठा कर्जपुरवठा हाच असावा, असं मला वाटतं, आणि तो कुठल्याच अहवालात येत नाही. मिस्त्रीच्या बाजूची उणीव अशी की पार्ट ओरिजिनल आहे की डुप्लिकेट, याची खात्री गिऱ्हाइकाला करता येत नाही. बिल नसतं. ऑइल कोणतं घातलं, हे महिन्याभरानं दोघांनाही आठवत नाही. आणि इंजेक्शनच्या गाडीपुढं जुना, कसबी माणूसही अडतो.

तिसरी भूमिका कोणी भूमिका म्हणून मांडत नाही, पण पाळतात बहुतेक जण: बंद पडेस्तोवर चालवायची. शहरातला माणूस याला निष्काळजीपणा म्हणतो. मला ते पटत नाही. ऑगस्टात हातात दोन हजार असतील आणि पिकावर अळी असेल तर ते पैसे फवारणीलाच जातील, आणि जायलाच हवेत. गाडीचं एखादं काम दोन महिने आणखी ढकलता येतं, अळी थांबत नाही. हा विचार बरोबर आहे. तो चुकतो ते पुढच्या टप्प्यावर, कारण गाडीतली सगळीच कामं सारखी ताणता येत नाहीत.

चौथा पर्याय म्हणजे जुनी देऊन हप्त्यावर नवी घेणं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून या पर्यायाची चर्चा वाढली. त्याच दिवशी सुट्या भागांवरचा करही १८ टक्के झाला, याची चर्चा त्या मानानं कमी झाली. नव्या गाडीला पहिली काही वर्षं खर्च कमी, हे मान्य. पण हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो, मिस्त्रीसारखा कापसासाठी थांबत नाही. ज्याच्या घरी कोणाचा तरी पगार आहे त्याला हे जमतं. निव्वळ कोरडवाहू शेतीवर असलेल्यानं हा हिशेब दोनदा करावा.

आधी काय, मग काय

इथं एकमत बरंच आहे, आणि ते गाडीवाल्यापर्यंत नीट पोचलेलं नाही. ब्रेक, टायर आणि चेन ही तीन कामं ताणायची नाहीत, यावर शोरूम आणि मिस्त्री दोघंही ठाम आहेत. ब्रेक शू संपले की ड्रमवरचा बाण खुणेला लागतो. तो बघायला पैसे पडत नाहीत. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपलं. कायद्यानं दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते, पण चिखलात त्याच्या कितीतरी आधी चाक घसरायला लागतं. सैल चेन भर रस्त्यात उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. एक कडी काढून चेन आखूड करून देण्याची गावठी युक्ती आहे. ती शेतातून घरी पोचायला ठीक, हंगाम काढायला नाही. नुसती चेन बदलून जुने स्प्रॉकेट ठेवले तर त्यांचे झिजलेले दाते नव्या चेनला खातात, म्हणून सेट बदलायचा.

त्यानंतर येतात ती स्वस्त कामं, जी टाळली तर महाग पडतात. यात ऑइल पहिलं. पाच मिनिटं गाडी सरळ उभी करून डिपस्टिक बघणं फुकट आहे. पातळी खाली गेलेल्या इंजिनात पिस्टन, रिंगा आणि टायमिंग चेन झिजते आणि मग 'हाफ इंजिन' की 'फुल इंजिन' हा काही हजारांचा प्रश्न उभा राहतो. एअर फिल्टरचंही तसंच, आणि इथं एक चूक सर्रास होते. अलीकडच्या अनेक गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. जुन्या गाड्यांतला स्पंज धुवायचा असतो. दोन्हींना एकच न्याय लावला जातो. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या वायरीही याच गटात: शे-दीडशेची वस्तू, पण तुटते ती नेमकी घरापासून वीस किलोमीटरवर.

मग थांबू शकणारी मोठी कामं. लोकांचा सगळ्यांत जास्त गोंधळ इथं होतो. गाडी निळसर धूर मारायला लागली, ऑइल खायला लागली, की माणूस घाबरतो आणि असेल तो पैसा इंजिनात घालतो. प्रत्यक्षात धूर मारणारी गाडी, ऑइलची पातळी दर आठवड्याला बघून भरत राहिलं, तर अनेकदा एक हंगाम काढते. पीयूसीला ती अडेल आणि धूर कोणालाच चांगला नाही, हे खरं. पण प्राधान्य ठरवताना इंजिनाचा धूर गुळगुळीत टायरच्या मागं उभा राहतो. कोन-सेट, शॉकअपचं ऑइल, चाकाची बेअरिंग ही कामं मधल्या जागेवर: हँडल अडखळायला लागलं किंवा चाक हातानं हलायला लागलं, की ती पहिल्या गटात येतात.

मतभेद उरतात ते ऑइलच्या अंतरावर. कंपन्यांनी चांगल्या ऑइलच्या भरवशावर बदलीचं अंतर लांबवलं आहे. काही गाड्यांना ते ६,००० किलोमीटरपर्यंत जातं, मधे पातळी भरून घ्यायची अट ठेवून. इथले मिस्त्री दोन-अडीच हजारांवर बदला म्हणतात. मिस्त्रींचं म्हणणं धूळ, ओझं आणि ४५ अंशांच्या उन्हाकडे बोट दाखवतं, आणि धुळीच्या वापरात देखभाल लवकर करा असं पुस्तिकाही सांगतात. उलट बाजू अशी की दर्जेदार ऑइल अर्ध्यावर ओतून देणं हा पैशाचा अपव्यय आहे. मला स्वतःला जड वापराच्या गाडीला तीन-चार हजार हे अंतर रास्त वाटतं, पण हे मत आहे, मोजमाप नाही.

हिशेब आणि पैसा

एक साधा हिशेब करून बघू. रोज ४० किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे १२,००० किलोमीटर. लिटरला ६० चा ॲव्हरेज धरला तर २०० लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी २१,००० रुपये. बुजलेला फिल्टर, जुना प्लग, हवा कमी असलेलं टायर आणि घासणारा ब्रेक मिळून ॲव्हरेज ५४ वर आला, तर २२ लिटर पेट्रोल जास्त जळतं. म्हणजे सुमारे २,३०० रुपये. वर्षाचं ऑइल, फिल्टर आणि प्लग जवळपास तेवढ्यातच येतात. न केलेल्या सर्व्हिसिंगचा पैसा पंपावर थोडाथोडा जातो, म्हणून तो जाताना दिसत नाही.

टायर आणि चेन-सेट दोन वर्षांत विभागून धरले तर अशा गाडीचा सगळा देखभाल-खर्च माझ्या अंदाजानं वर्षाला सहा हजारांच्या घरात जातो. किलोमीटरला पन्नास पैसे. गाडी चालवली त्या दिवशी वीस रुपये बाजूला टाकले तर ही रक्कम उभी राहते. दूध घालणारे आणि गावोगाव फिरून माल विकणारे, ज्यांच्या हाती रोज पैसा येतो, त्यांना हे जमतं. शेतकऱ्याला रोज वीस रुपये सुचवणं सोपं आहे, जमणं अवघड.

त्याच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० असे पैसे दोन-दोन हजारांच्या हप्त्यांत येतात. त्यातला एखादा हप्ता मृगाआधी ब्रेक-चेनसाठी राखला तर पावसाळा निभतो; पण त्याच हप्त्यावर बियाण्याचाही हक्क असतो. घरातल्या बाईच्या बचत गटातून छोटं कर्ज मिळतं, सावकारापेक्षा कितीतरी कमी व्याजानं. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या रकमेवर १० टक्के घरखर्च व काढणीपश्चात गरजांसाठी आणि २० टक्के शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरले जातात. खताच्या गोण्या आणि फवारणीचा पंप वाहणारी मोटारसायकल हे शेतीचं साधन आहे की नाही? शेतात बघितलं तर उत्तर सरळ आहे, बँकेच्या कागदात नाही.

मोठं काम तोडून करणं ही मला सगळ्यांत व्यवहार्य वाट वाटते. मेच्या अखेरीस फक्त सुरक्षिततेचं: ब्रेक, चेन, टायर, वायरी आणि ताजं ऑइल. सोयाबीनच्या पैशात फिल्टर, प्लग, टॅपेट आणि चिखलानं खाल्लेली बेअरिंग. इंजिन उघडायचंच असेल तर ते कापसानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा पैसाही असतो आणि मिस्त्रीलाही वेळ असतो.

न सुटलेलं

ई-२० चा प्रश्न यातला सगळ्यांत ताजा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींचा ॲव्हरेज ई-२० वर ३ ते ४ टक्क्यांनी घटू शकतो. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलं की काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतात. ई-२० विरोधातली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. कायद्याच्या अंगानं विषय संपला, गाडीवाल्याच्या अंगानं नाही. दहा-पंधरा वर्षं जुन्या, पावसाळ्यात आठवडा-आठवडा उभ्या राहणाऱ्या कार्बोरेटरच्या गाड्यांवर काय परिणाम होतो, हे इथल्या वापरात मोजलं गेलं पाहिजे.

दुरुस्तीच्या हक्काचंही तसंच अर्धवट आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला संकेतस्थळ सुरू केलं, आणि त्यात वाहनांचा समावेश आहे. पण दुरुस्तीची माहिती, स्कॅनर आणि ओरिजिनल पार्ट आर्णी-घाटंजीच्या मिस्त्रीच्या हाती पोचले तरच त्या हक्काला इथं अर्थ येईल. तोवर इंजेक्शनची गाडी वॉरंटी संपल्यावरही शोरूमला बांधलेली राहील.

आणि या सगळ्या वादात कोणाचं खरं, हे ठरवायला लागणारी साधी गोष्ट आपल्याकडे नाही: नोंद. किती किलोमीटरवर ऑइल बदललं, चेन-सेट किती चालला, ओरिजिनल पार्ट आणि डुप्लिकेट पार्ट यांच्या आयुष्यात किती फरक पडला, हे कोणीच लिहून ठेवत नाही. मिस्त्रीच्या वहीत फक्त येणं लिहिलेलं असतं. माझी विनंती मिस्त्रींनाच आहे. उधारीच्या आकड्यासमोर मीटरचं रीडिंग आणि घातलेल्या ऑइलचं नाव लिहा, आणि तेवढाच एक कागद गाडीच्या साइड पॅनलच्या आत चिकटवून द्या.